इंग्रजीचा तास आणि समोरचा माणूस

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलेली मुलं पुढच्या दहा वर्षांत इंग्रजी नेमकं कुणाशी बोलणार आहेत, हा प्रश्न इंग्रजी शिकवणाऱ्या आपण सगळ्यांनी एकदा शांतपणे स्वतःला विचारावा. आपल्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा लंडनचा नाहीतर अमेरिकेचा कुणीतरी गोरा माणूस उभा राहतो. पण मंठ्याची मुलगी नर्सिंग करून चेन्नईला लागली तर तिची वॉर्डमधली सोबतीण केरळची असते. भोकरदनचा मुलगा हैदराबादच्या कंपनीत गेला तर त्याचा वरिष्ठ तेलुगू असतो, आणि बियाणे कंपनीत लागला तर आठवड्यातून एकदा त्याला फोनवर बँकॉक किंवा नैरोबीतल्या माणसाशी बोलावं लागू शकतं. या संभाषणांत इंग्रजी दोघांचीही मातृभाषा नसते. दोघंही दुसऱ्याच्या अंगणात उभे राहिल्यासारखे बोलत असतात, आणि दोघांच्या रीतीभाती वेगळ्या असतात.

अशा ठिकाणी घोटाळा होतो तो क्वचितच व्याकरणामुळे. वाक्य बरोबर असतं, पण समोरचा दुखावतो. किंवा समोरच्याचं बोलणं आपल्याला उद्धट वाटतं आणि आपण गप्प बसतो. मुलं परगावी जाऊन परत येतात तेव्हा ‘इंग्रजीची भीती वाटते’ असं म्हणतात. थोडं खोलात जाऊन विचारलं तर कळतं की भीती भाषेपेक्षा माणसाची जास्त असते: हा माझ्याबद्दल काय समजेल, मी काय विचारू शकतो, काय विचारू नये. हे शिकवता येतं, आणि त्यासाठी इंग्रजीच्या तासाइतकी सोयीची जागा शाळेत दुसरी नाही. इतर विषयांच्या तासाला बहुतेक मुलं आपल्याच भाषेत, आपल्याच माणसांत असतात. या एका तासाला सगळेच थोडे परके होतात, अगदी शिकवणारेसुद्धा.

परक्या माणसाशी असं जुळवून घेणं जालन्याला नवं नाही. 1964 साली इथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू करणारे बद्रीनारायण बारवाले यांना 1998 सालचा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. त्यांच्या धंद्याचं स्वरूपच असं होतं की एका बाजूला शेतात बीजोत्पादन करणारा शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला देशोदेशीचे शास्त्रज्ञ. एकाचं म्हणणं दुसऱ्याला पटेल अशा रीतीनं सांगता आलं नसतं, तर तो धंदा उभाच राहिला नसता. मुलांना यशोगाथा सांगायची असेल तर ही सांगा, पण या अंगानं सांगा.

या कौशल्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मायकेल बायरम यांचं 1997 सालचं पुस्तक या विषयात पायाभूत मानलं जातं. त्यातला वर्गात उपयोगी पडणारा भाग साध्या शब्दांत सांगायचा तर: समोरच्याबद्दल खरीखुरी उत्सुकता असणं, माहीत नसलेलं त्याला न दुखावता विचारून घेता येणं, आपली गोष्ट परक्याला समजेल अशी सांगता येणं आणि ‘आपलं तेच बरोबर’ हा निवाडा थोडा वेळ बाजूला ठेवता येणं. यात इंग्लंडमधल्या सणांची माहिती कुठेच नाही. आपल्याकडे मात्र ‘संस्कृती शिकवणे’ म्हणजे ख्रिसमस ट्री, थँक्सगिव्हिंगची टर्की आणि काट्याचमच्यानं जेवण्याचे नियम एवढ्यावरच बऱ्याचदा गाडी थांबते. ते शिकवू नका असं नाही. पण बदनापूरच्या मुलाला टर्कीचा उपयोग पडण्याची शक्यता फार कमी.

सुरुवात वर्गातूनच

आधी आपला वर्ग पाहा. एकाच बाकावर मराठी, गोरमाटी आणि दखनी उर्दू बोलणारी तीन घरं बसलेली असतात. जालना शहरातल्या शाळांत स्टीलच्या कारखान्यांत काम करायला बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांची मुलं असतात, मारवाडी व्यापाऱ्यांची असतात. मुलं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, पण एकमेकांच्या घरात काय चालतं हे फारसं ठाऊक नसतं. विचारायची सवय नसते, आणि मराठीत विचारलं तर ते चोंबडेपणाचं वाटतं. इंग्रजीत विचारायला मात्र निमित्त मिळतं: सरांनीच सांगितलंय.

जोड्या लावताना वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र येतील असं पाहा आणि त्यांना एक साधा विषय द्या: घरी पाहुणा आला की पहिल्या दहा मिनिटांत काय काय होतं? पाणी कोण देतं, चहा विचारतात की थेट करतात, बाई समोर येते का, चपला कुठे काढायच्या, ‘जेवून जा’ म्हटल्यावर पाहुण्यानं किती वेळा नाही म्हणायचं. पाचवी-सहावीची मुलं तुटक वाक्यांत सांगतील, नववीची जरा सविस्तर. अट एकच: प्रत्येकानं जोडीदाराच्या घराची रीत वर्गाला सांगायची, स्वतःच्या घराची नाही. या एका अटीमुळे मुलाला ऐकावं लागतं, खात्री करून घ्यावी लागते, ‘डू यू मीन...?’ म्हणून विचारावं लागतं. सांगताना चुकलं तर जोडीदार तिथल्या तिथे दुरुस्त करतो, आणि ती दुरुस्ती व्याकरणाची नसून माणसाची असते.

एका गोष्टीचा खास उल्लेख करायला हवा. घनसावंगी, परतूर, मंठा, अंबड या भागांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही थेट कर्नाटकात. ज्या मुलांची गावात हंगामी वसतिगृहात सोय होत नाही ती आईवडिलांबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हजेरीपटात ही मुलं म्हणजे कच्ची मुलं. पण वर्गात खऱ्या अर्थानं परमुलखात राहून आलेलं कुणी असेल तर तीच. कानडी दुकानदाराशी खाणाखुणांनी व्यवहार केलेले, दुसऱ्या जिल्ह्यातल्या टोळीशेजारी राहिलेले, नव्या गावात पाणी कुठे मिळतं हे विचारत फिरलेले. भाषा येत नसताना काम कसं भागवायचं याचं ज्ञान त्यांच्याकडे आहे, आणि इंग्रजीच्या तासाला ते उपयोगाचं आहे. त्यांना विचारायचं ते एवढंच: तिथली भाषा येत नव्हती तेव्हा काय केलंत? त्या युक्त्या फळ्यावर लिहा. मात्र हाल-अपेष्टांची गोष्ट वर्गासमोर सांगायला लावू नका. आपल्या गरिबीचं प्रदर्शन इंग्रजीत मांडावं लागणं हे मराठीत मांडण्यापेक्षा कमी लाजिरवाणं नसतं.

विनंती, नकार आणि नको ते प्रश्न

मराठीत आदर क्रियापदात आणि सर्वनामात असतो. ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’ एवढ्यातच नातं कळतं. इंग्रजीत सगळ्यांसाठी एकच सर्वनाम, त्यामुळे नम्रपणा वाक्याच्या रचनेत आणि आवाजात घालावा लागतो. आपली मुलं ‘गिव्ह मी युवर पेन’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात उद्धटपणा नसतो. मनातल्या मराठीत ‘दे ना’ मधला ‘ना’ असतो, तो इंग्रजीत पोहोचत नाही. याचा सराव असा घ्या. एकच विनंती, उदाहरणार्थ चार्जर मागणं, चार माणसांकडे करायची: वर्गमित्र, मुख्याध्यापक, होस्टेलमधला अनोळखी रूममेट, रेल्वेत शेजारी बसलेल्या वयस्क बाई. बाकीच्या वर्गानं डोळे मिटून फक्त ऐकायचं आणि कुणाकडे मागितलं ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर वाक्य पुन्हा घडवायचं. ‘कुड यू’ आणि ‘वुड यू माइंड’ ही रूपं पाठ करून घेण्यापेक्षा अशा रीतीनं लवकर बसतात.

नकार त्याहून अवघड. ‘बघतो’, ‘करू की’, ‘येतो ना’ यांतला खरा ‘नाही’ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ऐकू येतो. फोनवरच्या जर्मन व्यवस्थापकाला तो ऐकू येत नाही. तो वहीत ‘हो’ लिहून घेतो आणि शुक्रवारी काम मागतो. मग तो आपल्याला तुसडा वाटतो आणि त्याला आपण बेभरवशाचे वाटतो. मुलांना हे सांगताना एक काळजी घ्या: ‘पाश्चात्त्य लोक स्पष्ट बोलतात, आपण आडून बोलतो’ असं सूत्र करून देऊ नका. जपानी माणूसही नकार आडूनच देतो, आणि खुद्द इंग्रज माणूस ‘हाऊ इंटरेस्टिंग’ म्हणतो तेव्हा त्याला ते तसं वाटलेलं असेलच असं नाही. सूत्र पाठ करण्याऐवजी तपासून घेण्याची सवय लावा: ‘सो, शॅल आय टेक दॅट अ‍ॅज अ नो?’ हे एक वाक्य बिनधास्त, पण हसतमुखानं म्हणता आलं की अर्धी लढाई जिंकली.

प्रश्नांचंही तसंच. मराठवाड्यात नवा माणूस भेटला की गाव कोणतं, आडनाव काय, लग्न झालं का, पगार किती, हे आपण आपुलकीनं विचारतो. माणूस कुठल्या नात्यात बसतो ते पाहतो. परक्याला ही चौकशी पोलिसी वाटू शकते. वर्गात वीस-पंचवीस प्रश्नांच्या चिठ्ठ्या करा आणि मुलांना त्या तीन ढिगांत लावायला सांगा: पहिल्या भेटीत चालतील, ओळख झाल्यावर चालतील, कधीच नको. मुलांची भांडणं होतील आणि ती होऊ द्या, शक्य तितकी इंग्रजीत. एक चिठ्ठी ‘कोणत्या समाजाचे?’ या प्रश्नाची जरूर ठेवा. तो प्रश्न आपल्याआपल्यातही निरागस नसतो, हे कुणीतरी मूल म्हणेलच. कुणी म्हटलं नाही तर तुम्ही म्हणा.

नियमच वेगळे असतील तर काय होतं, हे अनुभवातून दाखवणारा ‘बार्न्गा’ नावाचा एक खेळ आहे. मूळचे चेन्नईचे शिवसैलम त्यागराजन यांनी तो 1980 साली लायबेरियातल्या ग्बार्न्गा गावी असताना रचला. पत्त्यांचा खेळ आहे. चार-सहा मुलांचा एकेक गट करायचा, प्रत्येक गटाला नियमांचा कागद द्यायचा, नियम समजले की कागद काढून घ्यायचा आणि तिथून पुढे बोलायला पूर्ण बंदी. थोड्या वेळानं जिंकलेला एका बाजूच्या गटात जातो, हरलेला दुसऱ्या बाजूच्या. गंमत अशी की प्रत्येक गटाचे नियम थोडे वेगळे असतात आणि हे कुणालाच सांगितलेलं नसतं. एका गटात एक्का सगळ्यात मोठा, दुसऱ्यात सगळ्यात लहान. नवा आलेला मुलगा हात जिंकलो म्हणून पत्ते ओढतो, बाकीचे ते हिसकावतात, आणि मिनिटभरात वर्गात परदेश तयार होतो. आपल्या शाळेत पत्ते दिसले तर मुख्याध्यापकांना काय उत्तर द्यायचं हा प्रश्न आहेच. म्हणून चार रंगांच्या कार्डशीटवर 1 ते 7 आकडे लिहून अठ्ठावीस कार्डांचा संच करा. खेळ पंधरा मिनिटांत आटपा. खरा धडा नंतरच्या चर्चेत असतो: समोरचा लबाडी करतोय असं कधी वाटलं? आपलाच नियम वेगळा असेल असं किती जणांना वाटलं? ही चर्चा मराठीत झाली तरी हरकत नाही. शेवटची दोन-तीन वाक्यं इंग्रजीत लिहून घ्या.

असई आणि भोकरदन

एकाच घटनेकडे दोन बाजूंनी पाहायला शिकवण्यासाठी आपल्या जिल्ह्यासारखं साहित्य फार कमी ठिकाणी सापडेल. 23 सप्टेंबर 1803 रोजी असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि आर्थर वेलस्लीच्या फौजेची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्यांपैकी एक ठरला. तरी आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं उतारवयात विचारल्यावर त्यानं असईचं नाव घेतलं असं सांगतात. स्कॉटलंडच्या 74व्या हायलँडर पलटणीला असईबद्दल हत्तीचं मानचिन्ह मिळालं. म्हणजे आपल्या केळणा नदीकाठच्या गावाचं नाव तिकडच्या लष्करी झेंड्यावर गेलं, आणि इकडे शेजारच्या तालुक्यातल्या मुलांना ते गाव माहीत असेलच असं नाही.

आठवी-नववीच्या वर्गात यावर आठवडाभर काम करता येतं. या लढाईबद्दल इंग्रजीत भरपूर लिहिलेलं आहे. त्यातला एखादा छोटा वर्णनात्मक परिच्छेद तुम्ही सोपा करून द्या. मग मुलांना विचारा: हा परिच्छेद कुणाच्या डोळ्यांनी लिहिलेला आहे? कोणाला नाव आहे, कोणाला नुसता आकडा? ‘आम्ही विरुद्ध इंग्रज’ एवढं सोपं उत्तर इथे चालणार नाही. वेलस्लीच्या बाजूनं लढणाऱ्यांत मोठा भाग मद्रासच्या शिपायांचा होता, म्हैसूरचे घोडेस्वार होते. शिंद्यांच्या कवायती पायदळाचं नेतृत्व पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याकडे होतं. आता वर्गाचे गट करा आणि प्रत्येकाला एकेक माणूस द्या: तमिळ बोलणारा शिपाई, स्कॉटिश सैनिक, शिंद्यांचा गोलंदाज, असईतली एक बाई. प्रत्येक गटानं त्या रात्री आपल्या माणसांना लिहिलेलं आठ-दहा ओळींचं पत्र इंग्रजीत तयार करायचं. असईतल्या बाईला लिहिता येत नसेल, असं एखादी मुलगी म्हणेल. उत्तम, मग तिनं ते कुणाकडून लिहवून घेतलं, आणि लिहिणाऱ्यानं काय गाळलं, हे तिला ठरवू द्या.

भोकरदनची गोष्ट याच्या उलट्या टोकाची, लढाईऐवजी व्यापाराची. हे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत इथल्या लोकांचा उल्लेख येतो. 1973 साली झालेल्या उत्खननात इथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिचं साम्य आहे ते इटलीतल्या पाँपेई इथे 1938 साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी. ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, तेव्हा मूर्ती त्याआधीच तिकडे पोहोचलेली होती. भोकरदनच्या मुलांना हे इंग्रजीत समजावून सांगायला लावा: तुम्ही नेपल्सच्या संग्रहालयात उभे आहात, शेजारी एक इटालियन मुलगी आहे, तिला ही बाई कुठली ते सांगा. तिला सातवाहन माहीत नाहीत, मराठवाडा माहीत नाही, दागिन्यांची नावं माहीत नाहीत. कुठून सुरुवात कराल? ‘हार’ म्हणजे काय हे सांगताना मुलं अडखळतात, आणि तिथेच समोरच्याला काय माहीत असेल याचा अंदाज घेऊन बोलायची सवय लागायला सुरुवात होते.

खिडकी उघडायची तर कुठली

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना 2020 सालचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या उपक्रमातून भारत-पाकिस्तानसारख्या तणाव असलेल्या देशांतल्या मुलांना त्यांनी इंटरनेटवरून एकमेकांशी बोलतं केलं. आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या गाडीवाट इथल्या जिल्हा परिषद शाळेत मुलांनी जपानी शिकायला घेतलं, त्याच्याही बातम्या देशभर झळकल्या. ही उदाहरणं स्फूर्ती देणारी आहेत. पण ती वाचून पहिल्याच महिन्यात जपानच्या शाळेशी व्हिडिओ कॉल ठरवायला निघू नका. साडेतीन तासांचा वेळेचा फरक, आपल्याकडची वीज आणि रेंज, साठ मुलं आणि एक मोबाइल. यात तास निघून जातो आणि शेवटी दोन हुशार मुलं ‘हाऊ आर यू’ म्हणून बसतात.

त्यापेक्षा ध्वनिसंदेशांची देवाणघेवाण चांगली चालते. केरळ, आसाम किंवा गोव्यातल्या एखाद्या शाळेतला शिक्षक गाठा. प्रशिक्षणांत, समाज माध्यमांवरच्या शिक्षकांच्या गटांत अशी माणसं सापडतात. आठवड्यातून एक संदेश पुरे. आपल्या गटानं दीड मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करायचा, तिकडून उत्तर आलं की वर्गात दोन-तीनदा ऐकायचं. मुलांना उच्चार वेगळे ऐकू येतात, पहिल्यांदा हसू येतं, तिसऱ्या संदेशापर्यंत ते ओसरतं. प्रत्येक संदेशात एक खरा प्रश्न असलाच पाहिजे, ज्याचं उत्तर इंटरनेटवर सापडत नाही. ‘केरळची राजधानी कोणती’ हा प्रश्न बाद. ‘तुमच्याकडे शाळेला सुट्टी कशी मिळते, पाऊस आला तर मिळते का?’ हा चालेल. संदेश शिक्षकांच्या मोबाइलवरूनच जावेत, मुलांचे नंबर, पत्ते, फोटो जाऊ नयेत, आणि मुख्याध्यापकांची व पालकांची लेखी संमती आधी घ्यावी. मुलींच्या बाबतीत पालकांची काळजी रास्त असते, तिला ‘जुने विचार’ म्हणून झटकू नका.

या कामाला गुण द्यावेत का? दहावीला भाषेच्या 20 गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं, त्यात तोंडी काम बसवता येतं. पण व्याकरणाची चूक मोजू नका. मुलानं समोरच्याला प्रश्न विचारला का, न समजल्यावर थांबून विचारलं का, आपली गोष्ट दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा सांगून पाहिली का, एवढंच पाहा. बोलत असताना मध्येच ‘गोज, नॉट गो’ असं म्हणण्याचा मोह आवरणं आपल्यातल्या अनेकांना जड जातं. ती चूक लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी व्याकरणाच्या तासाला घ्या.

सगळ्यात जवळची खिडकी मात्र आपल्याच गावात आहे. जालना, अंबड, भोकरदन, परतूर या सगळ्या ठिकाणी मराठी माध्यमाच्या शाळेपासून चार गल्ल्यांवर उर्दू माध्यमाची शाळा असते. निजामाच्या काळात मराठवाड्यातलं शिक्षण प्रामुख्यानं उर्दूत चाले, आणि 1948 च्या आधी शाळा शिकलेले कितीतरी मराठी आजोबा ही उर्दू वाचता येणारी शेवटची पिढी होती. आता दोन्ही शाळांतली मुलं त्याच मंडळाची परीक्षा देतात, दोघांनाही इंग्रजी तितकीच अवघड जाते, आणि दहा वर्षांत एकदाही एकमेकांच्या वर्गात बसत नाहीत. त्या शाळेच्या इंग्रजीच्या शिक्षकांना एकदा चहाला बोलवा. पहिल्या भेटीला दोन्हीकडची पंधरा-पंधरा मुलं पुरेत. जागा तिसरीच घ्या, वाचनालयाचा हॉल किंवा पंचायत समितीचं सभागृह, म्हणजे कुणी यजमान नाही आणि कुणी पाहुणा नाही. कामाचा विषय बोलायला लावणारा पण वाद न वाढवणारा हवा: गावाचा नकाशा दोघांनी मिळून काढायचा, आणि प्रत्येकानं आपल्याला माहीत असलेल्या जागा त्यात दाखवायच्या. एकाच गावातल्या कितीतरी गल्ल्या एका गटाला माहीतच नसतात हे नकाशावर दिसतं. क्रिकेटचा विषय पहिल्या भेटीला शक्यतो टाळा. तो निघाला की मुलं दोन मिनिटांत हिंदीवर येतात आणि मग इंग्रजीकडे परत आणणं कठीण. आलीच हिंदीवर, तर थोडा वेळ बोलू द्या, आणि शेवटच्या दहा मिनिटांत नकाशाच्या शीर्षकासाठी त्यांना पुन्हा इंग्रजीत बसवा.